घातक कचरा मातीत मिसळायचा, पण आधी पुरावा द्यायचा: अमेरिकेतला लँड ट्रीटमेंटचा कायदा

पेट्रोलियम रिफायनरीत एक काळाकुट्ट, चिकट, तेलकट गाळ निघतो. तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाक्यांच्या तळाशी तो साचतो, हीट एक्स्चेंजर साफ करताना निघतो, साठवणीच्या टाक्या खरवडताना निघतो. याचं करायचं काय? अमेरिकेत बऱ्याच रिफायनऱ्यांनी अनेक वर्षं जे केलं ते ऐकायला विचित्र वाटेल: एक मोठं सपाट मैदान घ्यायचं, हा गाळ त्यावर पातळ थरात पसरायचा, ट्रॅक्टरला डिस्क लावून वरच्या मातीत घोळवायचा, थोडं खत द्यायचं, ओल सांभाळायची आणि बाकीचं काम मातीतल्या जिवाणूंवर सोडायचं. यालाच लँड ट्रीटमेंट म्हणतात, बोलीभाषेत लँडफार्मिंग.

आता पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की हे तर सरळ सरळ जमिनीत विष ओतणं झालं, आणि ही भीती समजण्यासारखी आहे, पण पूर्ण खरी नाही. मातीतले जिवाणू पेट्रोलियममधले बरेच घटक खरोखर खातात, त्यांना हवा, ओल, नायट्रोजन, फॉस्फरस नीट मिळालं तर ते तेलाचे लांबलचक रेणू तोडत तोडत शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत नेतात. म्हणजे पद्धत बोगस नाहीये. प्रश्न एवढाच आहे की *या* जागेवरच्या *या* मातीत *हा* कचरा खरंच नष्ट होतोय, की आपण नुसता नांगर फिरवतोय आणि विष हळूहळू खाली झिरपतंय? अमेरिकेतला लँड ट्रीटमेंटचा सगळा कायदा या एका प्रश्नाभोवती उभा आहे, आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी त्याने कचरा टाकणाऱ्यावर टाकलीये, शेजाऱ्यावर नाही. माझ्या मते त्या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

मूळ कायदा १९७६ चा, रिसोर्स कन्झर्वेशन अँड रिकव्हरी अ‍ॅक्ट, तिकडे सगळे त्याला रिक्रा म्हणतात. त्याच्या सबटायटल सी मध्ये घातक कचऱ्याचा कारभार आहे, कचरा तयार झाला तिथपासून त्याची शेवटची विल्हेवाट लागेपर्यंत सगळी साखळी. अंमलबजावणी ईपीए म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण एजन्सीकडे, पण बहुतेक राज्यांनी ईपीएची मान्यता घेऊन स्वतःचे कार्यक्रम चालवलेत, त्यामुळे प्रत्यक्षात परमिट देणारा अधिकारी बहुतेक वेळा राज्याचाच असतो. नियमांचा पहिला मोठा संच मे १९८० मध्ये आला, आणि जमिनीवरच्या सुविधांसाठीचे परमिटचे तपशीलवार नियम जुलै १९८२ मध्ये. लँड ट्रीटमेंटचा भाग कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्सच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या नियमसंग्रहाच्या, ४० व्या टायटलमध्ये, भाग २६४, सबपार्ट एम. पानं फार नाहीत, पण प्रत्येक वाक्याला वजन आहे.

आधी एक फरक समजून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा गाडायच्या खड्ड्यात, कायदा म्हणतो की कचरा आत कोंडून ठेवा, खाली लायनर म्हणजे पाणी झिरपू न देणारं अस्तर घाला, झिरपलेलं पाणी गोळा करा. १९८४ नंतर तर नव्या लँडफिलला दुहेरी लायनरची अट आली. लँड ट्रीटमेंटला लायनरची अटच नाही. कारण इथे मातीनेच काम करायचं आहे, कोंडून ठेवणारं काही नाही, माती हेच यंत्र आणि माती हीच भिंत. मग लायनर नाही तर सुरक्षा कशाची? तर कायद्याने मातीचा एक ठराविक ठोकळा आखून दिला, त्याला ट्रीटमेंट झोन म्हणतात. लांबीरुंदी परमिटमध्ये लिहायची, खोली मूळ पृष्ठभागापासून जास्तीत जास्त दीड मीटर, आणि त्या झोनचा तळ भूजलाच्या हंगामी उच्च पातळीपासून एक मीटरपेक्षा जास्त वर असला पाहिजे. हंगामी उच्च पातळी म्हणजे वर्षात पाणी जमिनीत सगळ्यात वर चढतं तेव्हाची, उन्हाळ्यातली सोयीची नाही. जे काही नष्ट व्हायचंय ते या दीड मीटरच्या आत नष्ट झालं पाहिजे. त्याखाली काही सापडलं तर पद्धत फसली, एवढा सरळ हिशोब.

आता नियमाची खरी ताकद. कचऱ्याचा पहिला थर पडण्याआधी मालकाला दाखवून द्यावं लागतं की कचऱ्यातले घातक घटक या झोनमध्ये पूर्णपणे विघटित होतील, किंवा बदलतील, किंवा जागेवर जखडले जातील. 'पूर्णपणे' हा शब्द नियमातलाच आहे. ज्या जुन्या जागा १९८० मध्ये आधीपासून चालू होत्या त्यांच्यासाठी तात्पुरते नियम सौम्य होते, तिथे कचरा 'कमी घातक' झाला तरी चालायचं. परमिट घ्यायला गेलं की मात्र पूर्णपणे. हे दाखवायचं कसं, तर प्रत्यक्ष मैदानावर टेस्ट घेऊन, लॅबमध्ये तपासून, उपलब्ध माहिती वापरून, किंवा जागा आधीच चालू असेल तर तिचा चालवण्याचा डेटा देऊन. पण दुसऱ्याच कुठल्या मातीचा सोयीचा रिपोर्ट आणून चालत नाही, टेस्टमध्ये तोच कचरा, तिथलंच हवामान, तिथलाच उतार, तीच माती आणि तीच कामाची पद्धत उतरली पाहिजे. उबदार, ओलसर मातीत जे जिवाणू जोमात असतात ते थंड प्रदेशात गोठलेल्या जमिनीत महिनोन्महिने थंडच पडून राहतात, त्यामुळे ही अट कागदी नाही. आणि गंमत बघा, ही टेस्ट घ्यायला पण घातक कचरा मातीत घालावाच लागतो, म्हणून फक्त टेस्टपुरतं वेगळं परमिट आहे, आधी ते घ्या, निकाल दाखवा, मग पूर्ण परमिट.

इथे 'जखडले जातील' या शब्दावर थांबावंसं वाटतं, कारण सगळा घोळ तिथेच असतो. तेलातली हायड्रोकार्बन विघटित होतात, ठीक. पण त्याच गाळात शिसं असतं, क्रोमियम असतं. धातूला जिवाणू खाऊ शकत नाहीत, धातू कुठे जात नाही. तो मातीच्या कणांना चिकटून बसतो, आणि किती घट्ट चिकटेल हे बऱ्याच अंशी पीएचवर अवलंबून असतं. माती आम्लधर्मी झाली की बरेचसे धातू सुटायला लागतात आणि पाण्याबरोबर खाली जातात. म्हणजे लँड ट्रीटमेंटची जागा अर्धी औषध आणि अर्धी तिजोरी आहे, तेलापुरतं औषध, धातूपुरती तिजोरी, आणि तिजोरी कधीतरी भरते. म्हणूनच परमिटमध्ये कचरा किती आणि कसा घालायचा, पीएच कसा सांभाळायचा, खत आणि नांगरणी कशी करायची, ओल किती ठेवायची हे सगळं लिहिलेलं असतं, आणि कधी किती कचरा घातला याची नोंद ठेवणं बंधनकारक असतं.

खायच्या पिकांचं कलम वाचलं की धातूचा हिशोब अगदी स्पष्ट होतो. होय, अशा जमिनीवर अन्नसाखळीत जाणारी पिकं घ्यायला काही अटींवर परवानगी मिळू शकते, मला स्वतःला हे वाचून अस्वस्थ व्हायला झालं, पण अटी कडक आहेत. घातक घटक पिकात उतरून माणसाच्या प्रकृतीला मोठा धोका होणार नाही हे आधी सिद्ध करायचं. कॅडमियम असेल तर त्याच्यासाठी वेगळे आकडे: कचरा मिसळलेल्या मातीचा पीएच ६.५ किंवा त्याहून जास्त, आणि तंबाखू, पालेभाज्या, माणसाच्या खाण्यातली कंदमुळं यांच्या जमिनीत वर्षाला हेक्टरी जास्तीत जास्त ०.५ किलो कॅडमियम. अर्धा किलो ऐकायला बरंच वाटतं, पण हेक्टरभर पसरलं की चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, चिमूटभर पण नाही. शिवाय एकूण साठ्याची पण मर्यादा आहे, ती मातीच्या धातू धरून ठेवण्याच्या क्षमतेवर ठरते, हेक्टरी ५, १० किंवा २० किलो, आणि कचरा मिसळलेल्या मातीचा पीएच ६.५ च्या खाली घसरला तर सरसकट ५. आता सोपं गणित करा: ज्या मातीला ५ किलोची मर्यादा आहे तिथे दर वर्षी पूर्ण अर्धा किलो घातला तर १० वर्षांत जागा संपली, पुढे त्या जमिनीत कॅडमियमचा कण पण घालायचा नाही. तिजोरी भरते म्हणजे काय ते हे. दुसरी एक वाट दिलीये, पीक फक्त जनावरांच्या चाऱ्यासाठी घ्यायचं, पण मग पुढच्या खरेदीदाराला कळावं म्हणून जमिनीच्या दस्तात तशी नोंद करायची.

पाण्याचा मुद्दा पटकन सांगतो, कारण तो समजायला सोपा आणि सांभाळायला महाग. बाहेरचं पाणी आत येता कामा नये, आतलं वाहून बाहेर जाता कामा नये. बाहेरचं पाणी अडवायचं ते सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळी पावसाच्या हिशोबाने, आणि आतलं गोळा करायचं ते पण अशाच २४ तासांच्या पावसाचं. समजा त्या भागात असा पाऊस १५ सेंटिमीटर पडतो, तर एका हेक्टरवर १५ लाख लिटर पाणी, तेलाने आणि धातूने मळलेलं, ते साठवायची जागा तयार पाहिजे, आणि वादळ गेलं की त्या टाक्या लगेच रिकाम्या करायच्या म्हणजे पुढच्या पावसाला जागा राहते. वाऱ्याने धूळ उडणार असेल तर ती रोखायची. आठवड्याला एकदा आणि प्रत्येक वादळानंतर पाहणी करायची. पेट घेणारा किंवा भडकणारा कचरा असेल तर तो ताबडतोब मातीत मिसळायचा, उघडा पडू द्यायचा नाही. आणि डायॉक्सिन या अतिशय विषारी रसायनांशी संबंधित काही ठराविक कचऱ्यांसाठी वेगळी, आधी मंजूर करून घेतलेली योजना लागते.

आता मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग, पहारा. घातक कचऱ्याच्या बाकी जागांवर भूजलाच्या विहिरींमधून सॅम्पल काढतात, ते इथे पण आहेच. पण विहिरीत विष सापडलं म्हणजे उशीर झालेला असतो, ते पाण्यापर्यंत पोचलेलं असतं. लँड ट्रीटमेंटच्या नियमात त्याच्या आधीच एक चौकी बसवलीये, ट्रीटमेंट झोनच्या लगेच खाली, जिथे माती ओली असते पण पाण्याने भरलेली नसते. तिथे दोन गोष्टी करायच्या. एक, मातीचा गाभा काढायचा, म्हणजे पोकळ नळी खोलवर दाबून मातीचा उभा सळईसारखा तुकडा बाहेर काढायचा आणि झोनच्या खालचा भाग तपासायचा. दुसरी, मातीच्या कणांमध्ये अडकलेलं पाणी काढायचं. हे पाणी विहिरीसारखं आपोआप येत नाही, माती ते घट्ट धरून ठेवते, म्हणून लायसीमीटर पुरतात. बऱ्याच लायसीमीटरमध्ये एका नळीच्या टोकाला सच्छिद्र सिरॅमिकचा कप असतो, वरून पंपाने हवा ओढून नळीत पोकळी तयार केली की आजूबाजूच्या मातीतलं पाणी थेंब थेंब त्या कपाच्या भिंतीतून आत येतं, मग ते वर ओढून बाटलीत भरून लॅबला पाठवायचं. तेवढ्याशा पाण्यावर सगळी जागा चालू राहणार की थांबणार हे ठरतं.

दोन्ही का लागतात? कारण हळू सरकणारे घटक मातीला चिकटून सरकतात, ते गाभ्यात दिसतात, आणि पाण्यात विरघळून झपकन निघून जाणारे मातीत दिसतच नाहीत, ते लायसीमीटरच्या पाण्यात सापडतात. एकच ठेवलं असतं तर अर्धं चित्र हुकलं असतं.

हे आकडे कशाशी ताडायचे? तर शेजारच्या, कचरा न लागलेल्या, तशाच मातीच्या तुकड्याशी. मातीसाठी तिथलं एकदाचं सॅम्पलिंग पुरतं, पाण्यासाठी मात्र वर्षभर निदान दर तिमाहीला, कारण मातीतलं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. प्रत्येक घटक मोजणं खर्चिक पडतं म्हणून अधिकारी काही मुख्य घटक निवडून देऊ शकतो, पण निवडायचे ते सगळ्यात चिवट, ज्यांच्यावर उपचार करणं सगळ्यात अवघड असतं. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे, सगळ्यात हट्टी घटक आटोक्यात असेल तर बाकीचे त्याच्या आतच असतात.

आणि झोनखाली आकडा संख्याशास्त्रीयदृष्ट्या खरोखर वाढलेला दिसला तर? ७ दिवसांत लेखी कळवायचं, आणि ९० दिवसांत परमिट बदलायचा अर्ज द्यायचा, की आता आम्ही कचरा कमी घालू किंवा पद्धत अशी बदलू. मालकाला वाटत असेल की वाढ दुसऱ्याच कुठल्या कारणाने आहे किंवा सॅम्पल घेताना चूक झाली, तर ते पण सिद्ध करायची संधी आहे, पण कळवायची मुदत तीच ७ दिवस आणि पुरावा त्याच्याच डोक्यावर.

मग एवढी विचारपूर्वक रचलेली पद्धत आज अमेरिकेत घातक कचऱ्यासाठी इतकी कमी का दिसते? कारण १९८४. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये रिक्रामध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि काँग्रेसने म्हणजे अमेरिकेच्या संसदेने भूमिकाच बदलली. घातक कचरा जमिनीवर किंवा जमिनीत टाकणं हा शेवटचा पर्याय मानायचा, आणि टाकायचाच असेल तर ठरलेल्या दर्जापर्यंत उपचार *आधी* करायचा. जमिनीवरच्या विल्हेवाटीच्या व्याख्येत लँडफिल आणि कचरा साठवायची तळी तर होतीच, त्यात लँड ट्रीटमेंटचं नाव पण स्पष्ट लिहिलं. आता अडचण लक्षात येतेय ना? लँड ट्रीटमेंटमध्ये उपचारच मातीत पडल्यावर सुरू होतो. ज्याला मातीत टाकून उपचार करायचाय त्याला कायदा म्हणतो, टाकायच्या आधी उपचार करून ये.

रिफायनऱ्यांनी हे मुकाट्याने मान्य केलं नाही. त्यांची संघटना अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ईपीएविरुद्ध कोर्टात गेली, मुद्दा असा की रिफायनरीच्या गाळासाठी उपचाराचा दर्जा ठरवताना लँड ट्रीटमेंटलाच उपचार म्हणून धरायला हवं होतं. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या डीसी सर्किट या फेडरल अपील कोर्टाने या मुद्द्यावर ईपीएची बाजू धरली: लँड ट्रीटमेंट ही व्याख्येनेच जमिनीवरची विल्हेवाट आहे, आणि उपचार विल्हेवाटीच्या आधी व्हायला हवा, कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिफायनरीच्या त्या गाळांना या अटीतून मिळालेली सवलतीची मुदत पण संपली.

एक दार उघडं होतं, त्याला नो मायग्रेशन पिटिशन म्हणतात. कचरा जोपर्यंत घातक आहे तोपर्यंत त्यातले घातक घटक त्या जागेबाहेर जाणार नाहीत हे पुरेशा खात्रीने दाखवा, मग आधी उपचाराची अट माफ. पण बाहेर म्हणजे फक्त खाली पाण्यात नाही, वर हवेत पण. आणि उघड्या मैदानावर तेलकट गाळ पसरून त्यावर डिस्क फिरवली की बेंझीनसारखे उडून जाणारे घटक हवेत जाणारच, त्यामुळे हे दार नावापुरतं उघडं आणि आत शिरायला फार अरुंद.

इथे माझं मत सांगतो. काही लोकांना वाटतं की हा अतिरेक झाला, चालणारी, स्वस्त पद्धत शब्दांच्या व्याख्येत अडकून मेली. जिवाणू खरंच काम करतात हे मी वर लिहिलंच आहे, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मैदानावरून जे नाहीसं होतं त्यातलं किती जिवाणूंनी खाल्लं आणि किती नुसतं हवेत उडालं, हे वेगळं करून दाखवणं फार कठीण असतं, आणि जे दाखवता येत नाही त्याचा भार आजूबाजूच्या लोकांच्या फुप्फुसांवर टाकणं मला तरी मान्य नाही. आणि हेही खरं की रस्ता पूर्ण बंद नाही, आधी बाहेर ठरलेल्या दर्जापर्यंत उपचार केलेला कचरा आजही परमिट असलेल्या जागेवर मातीत जाऊ शकतो.

पैशाची बाजू पण कायद्यात आहे. कंपनी बुडाली तर साफसफाई कोण करणार, म्हणून जागा बंद करण्याच्या आणि नंतरच्या देखभालीच्या खर्चाची तरतूद आधीच दाखवावी लागते. शिवाय हळूहळू झिरपून होणाऱ्या नुकसानासाठी प्रत्येक घटनेला निदान ३० लाख डॉलर आणि वर्षाला एकूण ६० लाख डॉलरचं संरक्षण, अचानक होणाऱ्या अपघातांचं वेगळं.

जागा बंद करणं म्हणजे गेटला कुलूप नाही. कचरा घालणं थांबलं तरी बंद करण्याच्या काळात नांगरणी, पीएच, पाण्याचं नियंत्रण चालूच ठेवायचं, कारण आत घातलेलं अजून पूर्ण विघटित व्हायचंय. लायसीमीटरचं सॅम्पलिंग शेवटच्या कचऱ्यानंतर ९० दिवसांनी थांबवता येतं, मातीच्या गाभ्यांचं मात्र पुढे चालतं. वर गवत किंवा झुडपं लावायची, अशी की फार देखभालीशिवाय टिकतील. त्यानंतर बंद झाल्यानंतरची देखभाल, साधारण ३० वर्षं, अधिकारी ती कमी किंवा जास्त करू शकतो. पण तपासणीत दिसलं की ट्रीटमेंट झोनमधल्या मातीतले घातक घटक आता शेजारच्या स्वच्छ मातीपेक्षा खरोखर जास्त राहिलेले नाहीत, तर झाडझाडोऱ्याच्या आणि नंतरच्या देखभालीच्या अटींतून सुटका मिळते. म्हणजे ज्याने मातीकडून खरंच काम करून घेतलं त्याला कायदा मोकळं करतो, ज्याने नुसतं साठवलं त्याला नाही.

अशा जागेच्या जवळ राहणाऱ्याला यात काय करता येतं? परमिटचा मसुदा लोकांसमोर ठेवावा लागतो आणि मत द्यायला निदान ४५ दिवस द्यावे लागतात. परमिट जास्तीत जास्त १० वर्षांचं असतं, आणि जमिनीवरच्या विल्हेवाटीच्या जागांचा ५ वर्षांनी आढावा होतो. नियम मोडला जात असेल तर सामान्य नागरिक स्वतः फेडरल कोर्टात दावा लावू शकतो, आणि घातक कचऱ्याच्या नियमांच्या बाबतीत नोटीस दिल्यावर बाकी प्रकारांसारखी ६० दिवस वाट बघायची पण गरज नाही. फाईल हातात आली तर जाड रिपोर्टमध्ये हरवून जाऊ नका, चार गोष्टी आधी शोधा: ट्रीटमेंट झोनची लिहिलेली खोली, भूजलाची हंगामी उच्च पातळी कुठल्या महिन्यात मोजली ती तारीख, स्वच्छ मातीचा तुकडा कुठे निवडला ते ठिकाण, आणि झोनखालच्या लायसीमीटरचे आकडे तिमाही तिमाहीने. काही लायसीमीटरच्या रकान्यात 'सॅम्पल मिळालं नाही' असं सारखं लिहिलेलं दिसलं तर त्याचं कारण लेखी विचारा, कारण कोरड्या राहिलेल्या कपातून खालचं पाणी स्वच्छ आहे असं काहीच सिद्ध होत नाही.